मागचा डावा स्पीकर

जळकोटच्या हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या उमादेवी कलशेट्टी यांना कसलाही नाद नाही, असं गावाचं पक्कं मत होतं. साडीला पिन लावून वेळेवर शाळेत जाणं, वेळेवर घरी येणं, बचत गटाच्या बैठकीत शेवटच्या ओळीत बसणं आणि तिथंही न बोलणं, एवढंच गावानं पाहिलेलं. पण गावानं त्यांचं कपाट पाहिलेलं नव्हतं. कपाटात, लग्नातल्या साड्यांच्या मागं, जाडजूड खोक्यांची एक रांग होती, आणि त्या खोक्यांत पन्नास वर्षांपूर्वीचं इंग्लंड भरलेलं होतं.

या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. लांब केसांची पोरं एकेक गाणं वीस-बावीस मिनिटं वाजवायची. मध्येच ताल सात मात्रांचा, मध्येच अकराचा, कधी कुठला ते त्यांनाही ठाऊक नसावं. गणिताच्या बाईला हे आवडलं तर त्यात नवल काय? नवल पुढचं आहे. हल्ली त्या जुन्या ध्वनिफिती कुठल्या कुठल्या तळघरांतून काढून, एकेक वाद्य सुटं करून, पाच स्पीकरांत वाटून नव्यानं विकायची टूम निघालीय. तीन स्पीकर पुढं, दोन मागं, एक घुमणारा डबा कोपऱ्यात आणि ऐकणारा मधोमध. ऑर्गन पाठीमागून येतो, गिटार डोक्यावरून जाते. याला सराउंड म्हणतात, आणि एकेका स्पीकरच्या वाट्याला चॅनल. उमाबाई अशी खोकी जमवायच्या आणि हेडफोनवर ऐकायच्या. म्हणजे पुरणपोळीचा फोटो बघून जेवायच्या.

हे जमवणाऱ्यांचा वॉट्सअपवर एक ग्रुप होता. उमाबाई तिथं 'यू. के.' या आद्याक्षरांनी होत्या. त्यामुळं बराच काळ सगळ्यांचा समज असा होता, की हे कुणी गृहस्थ परदेशी राहतात. कुणी विचारायचं, "सर, तिकडं थंडी कशी आहे?" उमाबाई खरं तेच लिहायच्या, "ठीक आहे, स्वेटर लागतो." खरा उलगडा झाला तेव्हा पुण्याच्या हर्षालीनं, म्हणजे ग्रुप चालवणाऱ्या आणि कुणालाच चांगलं न म्हणणाऱ्या बाईनं, लिहिलं, "गावाकडं सराउंड? पाच स्पीकर आहेत तरी का?"

उमाबाईंनी लिहून टाकलं, "आहेत."

नव्हते. तिथून सगळं सुरू झालं.

स्पीकर सोलापूरहून आले. नवऱ्याला, अमरनाथना, त्यांनी सांगितलं की शाळेच्या ऑनलाइन प्रशिक्षणासाठी आवाज स्पष्ट लागतो. अमरनाथ यांचं हायवेवर पाइप, मोटारी आणि केबलचं दुकान होतं. पाच स्पीकर बघून ते म्हणाले, "एका बाईचं प्रशिक्षण पाच तोंडांनी देतेत काय?" पण माणूस हौशी. स्पीकर ठेवायला स्टँड पाहिजेत म्हटल्याबरोबर त्यांनी दुकानातून चार इंची प्लास्टिकचे पाइप आणले, बुडाला सिमेंट घातलं आणि एका दुपारीत स्टँड उभे केले. हॉल बोअर मारायच्या गाडीसारखा दिसू लागला.

अडचण एकच होती. मागचा डावा स्पीकर जिथं यायला हवा, नेमकी तिथं सासऱ्यांची खुर्ची होती. रेवणप्पा ऐंशीच्या पुढचे. त्या खुर्चीतून त्यांना हायवेवरचे ट्रक दिसत, वारा लागत असे, आणि अर्धं आयुष्य त्यांनी तिथंच काढलेलं. खुर्ची हलवायचा विषय निघताच त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी स्पीकर त्यांच्या डोक्यावर उभा राहिला, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबासारखा.

शेजारच्या प्रेमाबाई लगोलग पाहणीला आल्या. त्यांनी हॉलमधून एक फेरी मारली आणि उजव्या कोपऱ्यापाशी थबकल्या.

"उमा, ही ईशान्य हाय गं. ईशान्येला काळं ठिवत न्हाईत."

"प्रेमाकाकू, स्पीकर काळेच येतात."

"मग पिवळं फडकं घाल की वरनं. आणि त्यो कोपऱ्यातला डबा, त्येच्यावर तुळशीची कुंडी ठिव. घर भरल्यावानी दिसंल."

त्यांच्या समाधानासाठी एका स्पीकरवर पिवळं फडकं पडलं. कुंडी मात्र उमाबाईंनी प्राणपणानं रोखली.

पहिल्या दिवशी त्यांनी एक जुना अल्बम हळू आवाजात लावला. त्यात सुरुवातीला गायक नुसता कुजबुजतो, आणि ती कुजबुज मागच्या डाव्या बाजूनं येते. रेवणप्पांनी मान वर केली.

"यारु? कोन हाय?"

कुजबुज चालूच.

"बसा की," रेवणप्पा अदबीनं म्हणाले. "उमा, पावनं आलेत. च्या ठिव. लई हळू बोलायलेत, आजारी दिसतेत."

इथवर ठीक होतं. मग घुमणारा डबा घुमला. अमरनाथच्या पाइपांना तो सूर नेमका मानवला आणि पाचही पाइप एकदम हुंकारू लागले. पाइपाची थरथर थांबावी म्हणून अमरनाथनी त्यात वाळू भरली. दुसऱ्या खेपेला डबा घुमल्यावर रेवणप्पांच्या डोक्यावरच्या पाइपाचं टोपण निसटलं, वाळू त्यांच्या टकलावर पडली, खिडकीची तावदानं खडखडली, आणि रेवणप्पा त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं अंगणात पोचून ओरडले, "भूकंप! भाईर पडा!"

एकदा मोठा भूकंप भोगलेल्या या भागात जमीन हलली म्हटल्यावर माणसं प्रश्न विचारत नाहीत. गल्ली रिकामी झाली. कुणी कुकरसकट बाहेर आलं, कुणी अर्धी दाढी करून. प्रेमाबाई सोन्याचा डबा घेऊन रस्त्यात उभ्या. सगळ्यांनी मिळून आत डोकावलं, तर हॉलमध्ये उमाबाई हातात रिमोट घेऊन एकट्या बसलेल्या, आणि इंग्लंडातली पोरं जोरात होती.

त्या संध्याकाळी अमरनाथनी जेवता जेवता शांतपणे सांगितलं, "उमा, मी बोलत नाही. पण आता आणखी एक भानगड झाली तर हे पाचही खांब माझ्या गोदामात जातील. आणि तो डबासुद्धा." मग त्यांनी ताक मागितलं. अमरनाथ ओरडले असते तर काळजी नव्हती. ते ताक मागतात तेव्हा गोष्ट खरी असते.

आणि नेमकी त्याच सुमाराला 'टिन बिशप' या बँडच्या 'द लाँग पाश्चर' या अल्बमची नवी आवृत्ती निघाली. हा अल्बम म्हणजे जमवणाऱ्यांची काशी. दुसऱ्या बाजूला एकच गाणं. त्याच्या मध्यावर बँड वाजवायचा थांबतो आणि वेल्सच्या डोंगरातला मेंढ्यांचा एक कळप ऐकणाऱ्याभोवती फिरतो. हरवलेली कोकरं आयांना हाका मारतात, मागून पुढं जातात, पुन्हा मागं येतात. आजवर हे नुसतं गोंधळल्यासारखं ऐकू यायचं. आता कळप खरोखर भोवती फिरणार होता. उमाबाईंनी मागणी नोंदवली. हर्षालीनं ग्रुपवर लिहिलं, "तुमचं आलं की मी स्वतः येते ऐकायला. माझ्या फ्लॅटमध्ये खालचे लोक पोलीस बोलावतात."

पार्सल काही येईना. उमाबाई कुरियरच्या कचेरीत गेल्या. खिडकीतल्या माणसानं कॉम्प्युटरात पाहिलं.

"मिळालंय की मॅडम."

"कुणाला?"

"जळकोटला."

"मी जळकोटचीच आहे."

"मग मिळालंच की."

"अहो, मला नाही मिळालं!"

"इथं सही हाय. सही असल्यावर तक्रार घेता येत न्हाई. तक्रार करायची तर आधी न मिळाल्याची सही लागंल."

उमाबाईंनी आयुष्यभर पोरांना सिद्धता लिहायला शिकवलं होतं. वस्तू न मिळाल्याची सही कशी करतात हे त्यांना सुचेना. बऱ्याच वेळानं खिडकीतल्या माणसाला स्वतःलाच शंका आली. "मॅडम, लातूर जिल्ह्यातलं जळकोट न्हाई ना तुमचं?"

लातूर, उदगीर करत दुसऱ्या जळकोटला पोचेपर्यंत उमाबाईंची पिनसुद्धा वाकली. तिथल्या कुरियरवाल्यानं सांगितलं, की या नावाचं कुणी सापडलं नाही. पण खोक्याचा कोपरा फाटला होता, आतून मेंढ्यांचं चित्र दिसत होतं, म्हणून त्यानं ते शहाणपणानं जनावरांच्या डॉक्टरकडं दिलं. डॉक्टर अमरसिंह यांचा खाजगी दवाखाना बाजारपेठेच्या मागं होता. खोकं त्यांच्या टेबलावर होतं, आणि त्यातलं पोस्टर, धुक्यातल्या मेंढ्यांचं, भिंतीवर चिकटवलेलं होतं.

"औषध कंपनीनं पाठवलंय," डॉक्टर म्हणाले. "जंताचं काहीतरी हाय. बाटली मात्र न्हाई आत."

"डॉक्टर, यात गाणी आहेत."

"मेंढ्यांची?"

"नाही... म्हणजे थोडी मेंढ्यांचीच."

"मग माझंच आलं की!"

उमाबाईंनी श्वास घेतला आणि खोक्याकडं न बघता सगळी गाणी ओळीनं म्हणून दाखवली, प्रत्येक किती वेळाचं ते सांगून. डॉक्टर मागच्या बाजूला बोट ठेवून पडताळत होते. शेवटच्या गाण्याला ते थांबले.

"बावीस मिनिटं? एक गाणं? तेवढ्यात माझ्याकडं म्हैस विते मॅडम."

खोकं मिळालं. पोस्टर मात्र डॉक्टरांनी सोडलं नाही. "दवाखान्यात शोभतंय. येणारी माणसं बघत बसतेत, घाई करत न्हाईत." जमवणाऱ्याच्या दृष्टीनं पोस्टर नसलेलं खोकं म्हणजे मंगळसूत्राविना नवरी. उमाबाईंनी ते दुःख ग्रुपपासून लपवलं.

ठरल्याप्रमाणं रविवारी दुपार कलता कलता हर्षाली गाडीनं आली. जीन्स, जाड चष्मा, पर्समध्ये मोजायची टेप. दारातच म्हणाली, "काकू, खोली चौकोनी नाही." काकू या शब्दानं उमाबाईंना लागायचं ते लागलं. मग तिनं टेप लावून पाचही स्पीकरांचं अंतर मोजलं, पिवळं फडकं दोन बोटांनी उचलून पुन्हा ठेवलं, आणि रेवणप्पांच्या डोक्यावरच्या स्पीकरपाशी येऊन म्हणाली, "हे आजोबा इथं असणारेत का?"

"मी हाय की," रेवणप्पा म्हणाले. "तू किती दिवस हाईस?"

हर्षालीसाठी दुसरी एक खुर्ची मधोमध मांडली गेली. अमरनाथ स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभे राहिले, गोदामाची किल्ली खिशात वाजवत. उमाबाईंनी साडीची पिन तीनदा काढून तीनदा लावली. शाळा तपासायला साहेब आले तेव्हाही त्यांची अशी गत झाली नव्हती.

"मी डोळे मिटून ऐकते," हर्षाली म्हणाली. "मध्ये कुणी बोलायचं नाही."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. घरामागं कलशेट्टींचं शेत आहे, आणि रान मोकळं झालं की लेंडीखतासाठी अमरनाथ तिथं म्हाळसाबाईंची मेंढरं बसवतात. म्हाळसाबाई दिवसभर मेंढरं चारून आणायच्या आणि लहान कोकरं मागं शेतात जाळीत ठेवायच्या. संध्याकाळी आया परत येतात तेव्हा कोकरं ओरडतात, आया ओरडत धावतात, ज्याची त्याला सापडते आणि शांत होतं. रोजचंच. त्या दिवशीही कळप परतत होता. आणि पुण्याची बाई बघायला प्रेमाबाई गरम भज्यांचं ताट घेऊन मागच्या दारानं आत आल्या आणि दार तसंच उघडं टाकून भिंतीला टेकल्या.

हॉलमध्ये गाणं मध्यावर आलं. ऑर्गन विरला. वेल्सची कोकरं ओरडू लागली.

काय आवाज होता! मागून आला, डावीकडून पुढं सरकला, पडद्यापाशी घुटमळला. उमाबाईंच्या अंगावर काटा आला. हर्षालीचे डोळे मिटलेले, ओठ उघडे.

"कुरी बंदवु," रेवणप्पा कानडीत म्हणाले. मेंढरं आली, असं त्यांचं म्हणणं.

"हो मामा," उमाबाई कुजबुजल्या. "गाण्यातच आहेत."

"उमा, कुरी!"

"मामा, श्श्!"

"वा," हर्षाली डोळे मिटूनच पुटपुटली. "मागचा चॅनल... काय खोली आहे! खुरांचा आवाजसुद्धा. फरशीवर! हे जुन्या आवृत्तीत नव्हतंच." तिनं खोल श्वास घेतला. "मला तर वाससुद्धा आल्यासारखा वाटतोय."

उमाबाईंनी मागं वळून पाहिलं. मागच्या दारातून एक मेंढी आत आलेली होती. तिच्यामागं दुसरी. तिच्यामागं दार भरून लोकर. अमरनाथ भिंतीला चिकटले. प्रेमाबाईंचं ताट वर आणि भजी खाली. वीस-पंचवीस मेंढ्या हॉलमध्ये शिरल्या आणि कोकरांच्या आवाजामागं निघाल्या. आवाज डावीकडं गेला की डावीकडं, पुढं गेला की पुढं. सराउंडची एवढी अचूक पारख ग्रुपमध्येही कुणाला नव्हती. एक सोफ्यावर चढली. एकीनं ईशान्येचं पिवळं फडकं ओढलं. आणि एकीनं हर्षालीच्या मानेला ओलं नाक लावलं.

"हे," हर्षाली डोळे न उघडता अगदी सावकाश म्हणाली, "चॅनलमध्ये नाहीये."

मग तिनं डोळे उघडले आणि ती खुर्चीवर उभी राहिली.

तेवढ्यात काठी आपटत म्हाळसाबाई दारात. "माझी पिल्लं कुनी कोंडली? मास्तरीनबाई, तुमी शिकल्याली मानसं आन् पिल्लं चोरता व्हय? कवाच्यान वरडायलीत आतनं!" त्यांनी दिवाणाखाली बघितलं, कपाटामागं बघितलं. उमाबाईंनी बोट स्पीकरकडं केलं. म्हाळसाबाईंनी त्याला कान लावला.

"ह्या डब्यात हायती?"

"आवाज आहे फक्त. रेकॉर्डिंग."

"कुठल्या गावची?"

"वेल्सची. इंग्लंडजवळ. पन्नास वर्षांपूर्वीची."

म्हाळसाबाईंनी पुन्हा कान लावला. "भुकेली हायती वो बिचारी," त्या म्हणाल्या.

उमाबाईंनी गाणं बंद केलं. तीच चूक झाली. आवाज थांबताच मेंढ्या जास्तच बिथरल्या. पिल्लं इथंच कुठंतरी लपलीत अशी त्यांची खात्री पटली आणि त्या हॉलचा कोपरान् कोपरा हुंगू लागल्या. म्हाळसाबाईंनी काठी उगारली, शीळ घातली, शिव्या दिल्या. हलायचं नाव नाही. मग त्यांनी जाळीतून एक कोकरू उचलून आणलं. ते ओरडलं, आणि एक मेंढी, फक्त एकच, त्याच्यामागं निमूट गेली.

"जिचं तिलाच वळखू येतंय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "तुमची विलायती पिल्लं कुनाचीच न्हाईत. म्हून समद्यांस्नी आपलीच वाटायलीत."

हॉलमध्ये सगळे अमरनाथकडं बघू लागले. उमाबाईंना वाटलं, आता ताक मागतात. अमरनाथ मात्र स्पीकरकडं बघत होते, मोटारीत बिघाड शोधताना बघतात तसे.

"उमा, त्या पिल्लांचा आवाज कुठल्या डब्यातून जास्त येतो?"

"मागच्या डाव्या."

"अप्पा, जरा वाका." त्यांनी रेवणप्पांच्या डोक्यावरचा स्पीकर काढला, दुकानातून मोटारीच्या केबलचं अख्खं वेटोळं आणलं, दोन टोकं सोलून जोडली आणि स्पीकर खांद्यावर घेऊन मागच्या दारात उभे राहिले. "मी फोनवर आहे. बाकीचे डबे बंद कर. पिल्लं संपली की पुन्हा मागं घे. थांबू नको."

मग जी मिरवणूक निघाली ती जळकोटनं पहिल्यांदाच पाहिली. पुढं खांद्यावर स्पीकर घेतलेले अमरनाथ. स्पीकरमधून वेल्सची कोकरं. मागं म्हाळसाबाईंच्या मेंढ्या, एकीला एक खेटून. शेवटी काठी घेऊन म्हाळसाबाई. दारात हर्षाली केबल सोडत होती, हाताला सोलपटं निघाली तरी, आणि ओरडत होती, "आवाज कमी करू नका काकू! वाढवा! अजून वाढवा!" आत उमाबाई रिमोट दाबत होत्या. फोनवर अमरनाथ: "मागं घे... मागं घे... अगं ते ढोल वाजायलेत, मागं घे, मेंढी थांबली!" प्रेमाबाई कुंपणावरून सल्ला देत होत्या, की डावीकडून जा, उजवीकडं खड्डा आहे. खड्डा डावीकडं होता. अमरनाथ त्यात पडले, पण स्पीकर वर धरला.

अखेर मेंढ्या जाळीपाशी पोचल्या, खऱ्या कोकरांनी त्यांना पाहिलं, एकच कल्लोळ उठला, आणि ज्याची त्याला सापडली. उमाबाई सोफ्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसल्या. फरशी बघवत नव्हती. हर्षाली खराटा घेऊन उभी होती. "मी आजवर ऐकलेलं," ती म्हणाली, "सगळ्यात वाईट मांडलेलं सराउंड. आणि काकू, मी पुन्हा येणार." उमाबाईंना हसू फुटलं, मग हर्षालीला. दोघी पोट धरून हसल्या. गाणं शेतातल्या त्या एका स्पीकरवर चालूच होतं, दोघींचं लक्ष नव्हतं. उमाबाईंनी डोळे पुसले आणि रिमोटनं ते बंद केलं.

फोनमधून अमरनाथ म्हणाले, "बंद का केलंस?"

उमाबाईंनी फोन तोंडाजवळ नेला. "पोचल्या ना मेंढ्या?"

"कवाच पोचल्या. ते नव्हे. पिल्लं आणि ते ढोल गेल्यावर कुणीतरी बासरी वाजवायला लागलं होतं. एकटाच. लई लांबून वाजवल्यासारखी."

उमाबाईंनी हर्षालीकडं पाहिलं. हर्षालीनं मान हलवली. "त्या गाण्यात बासरी नाहीये."

"हॉलमध्ये ऐकू येत नसंल," अमरनाथ म्हणाले. "बाकीचे डबे चालू असले की त्यांच्या गोंधळात. इथं ह्या एकट्यातनं येती. लाव की पुन्हा. आता मागं घेऊ नको."

उमाबाईंनी गाणं लावलं, रिमोट तिथंच टाकला आणि मागच्या दारानं निघाल्या. हर्षालीही निघाली, खराटा हातात तसाच. शेतात ऊन उतरलं होतं. अमरनाथ एक पाय चोळत बांधावर बसलेले, शेजारी स्पीकर, पलीकडं म्हाळसाबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून. कोकरं पीत होती. आणि खरंच, त्या काळ्या डब्यातून, पन्नास वर्षं कुणाच्याच लक्षात न आलेला एक माणूस बासरी वाजवत होता.

उमाबाई काही बोलायला गेल्या, तर अमरनाथनी हातानंच गप्प केलं आणि बांधावर थोडं सरकून जागा केली.

"इथं बस," ते म्हणाले. "इथनं नीट ऐकू येतंय."